निवृत्तीनंतर काम सोडायचे नसेल तर: नव्या पद्धतीने कामाला लागण्याची पायरीपायरीने तयारी

महाराष्ट्र शासनाचे बहुतांश कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी सेवानिवृत्त होतात, तर केंद्र सरकार, सरकारी बँका आणि आयुर्विमा महामंडळातील कर्मचारी ६० व्या वर्षी. निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणसाच्या अंगात ताकद आणि डोक्यात माहिती आदल्या दिवशी होती तेवढीच असते. ज्यांना हे सारे एकदम थांबवायचे नाही, पण होते ते जसेच्या तसे पुढे रेटायचेही नाही, अशांसाठी हा लेख आहे. निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले असताना तो वाचला तर अधिक उपयोगी पडेल, मात्र नुकतेच निवृत्त झालेल्यांनाही उशीर झालेला नाही.

सुरुवातीलाच एक गोष्ट ठामपणे सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. नोकरी हे अनेक वस्तूंचे एक गाठोडे असते: कौशल्य, अधिकार, पगार, वेळेचे बंधन, हाताखालची माणसे, वरिष्ठांचे दडपण आणि समाजातली ओळख. निवृत्त होणारा माणूस बहुधा तेच गाठोडे दुसऱ्या एखाद्या कार्यालयात शोधतो. ते मिळाले नाही तर खचतो आणि मिळाले तर दोन वर्षांत थकतो. नव्या पद्धतीने काम करायचे म्हणजे ते गाठोडे सोडून त्यातली एक-दोन गोष्टी निवडायच्या आणि बाकीच्या जाणीवपूर्वक बाजूला ठेवायच्या. कोणते काम करायचे हा प्रश्न दुसरा आहे. काय सोडायचे हा पहिला.

पहिली पायरी: घरचा हिशेब

काम आवडीसाठी करायचे आहे की गरजेसाठी, याचे उत्तर आकड्यांवरून ठरवावे, मनावरून ठरवू नये. पेन्शन, ठेवींचे व्याज आणि भाडे असल्यास ते, एवढ्या निश्चित उत्पन्नातून घरखर्च भागतो का ते वर्षभराच्या खर्चाच्या नोंदींवरून पाहावे. सरकारी पेन्शनधारकांनी निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करून घेतले असेल, म्हणजे पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर १५ वर्षे हाती येणारी पेन्शन तेवढ्या प्रमाणात कमी असते, हे हिशेबात धरावे. खासगी क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीशी जोडलेली पेन्शन ५८ व्या वर्षी सुरू होते आणि ती बहुतेकांच्या बाबतीत फार थोडी असते. ५८ नंतरही काम चालू राहणार असेल, तर ही पेन्शन ६० व्या वर्षापर्यंत पुढे ढकलता येते आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी तिच्यात ४ टक्के वाढ मिळते. ज्यांना नवे काम लगेच मिळणार आहे त्यांनी या पर्यायाचा विचार अवश्य करावा.

हिशेब केल्यावर गरज निघाली, तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही. मात्र गरज असलेल्या माणसाने नियमित मानधनाचे काम शोधावे, आणि गरज नसलेल्याने आठवड्याचे तास आधी ठरवून मग काम निवडावे. या दोन वाटा अगदी वेगळ्या आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की दोन्हीकडे असमाधान राहते.

याच टप्प्यावर एक रेषा आखून घ्यावी: ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी आणि रजा रोखीकरणाची रक्कम नव्या उद्योगाचे भांडवल म्हणून वापरायची नाही. तिशीतल्या माणसाचे दुकान बुडाले तर त्याच्या हाती पुन्हा कमावण्यासाठी तीस वर्षे असतात, साठीत ती नसतात. म्हणूनच या लेखात मी भांडवल लागणाऱ्या उद्योगांऐवजी अनुभवावर चालणाऱ्या कामांचाच विचार केला आहे.

दुसरी पायरी: तीन महिने होकार न देणे

निवृत्त होताच फोन सुरू होतात. कोणी संस्थेच्या कार्यकारिणीवर बोलावतो, कोणी भाच्याच्या कंपनीचे हिशेब पाहायला सांगतो, कोणी ज्येष्ठ नागरिक संघाचे चिटणीसपद पुढे करतो. पहिले तीन महिने कोणालाही पक्का होकार देऊ नये. भिडेखातर घेतलेली कामे पुढे सोडता येत नाहीत, आणि खरोखर हवे असलेले काम समोर येते तेव्हा आठवडा भरलेला असतो. ‘ऑक्टोबरनंतर बोलू’ असे नेमका महिना सांगून दिलेले उत्तर कोणालाही लागत नाही.

या तीन महिन्यांत एक काम मात्र लांबणीवर टाकता येत नाही. पोस्टात आणि बँकांत मिळणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते. साठ वर्षे पूर्ण झालेल्यांना ती केव्हाही खुली असते, पण ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आतच तिच्यात खाते उघडता येते. ही मुदत गेली की साठीपर्यंत थांबावे लागते.

कार्यालयाचा सामूहिक आरोग्य विमाही नोकरीबरोबर संपतो का, याची चौकशी निवृत्तीच्या आधीच करावी आणि स्वतःचा विमा त्यापूर्वी सुरू करावा, म्हणजे मधले महिने उघडे पडत नाहीत. सत्तरी पूर्ण केलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट न ठेवता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, पण साठ ते सत्तर या टप्प्यात ही सोय नाही.

तिसरी पायरी: पदनाम पुसून कामाची यादी

एक कोरा कागद घेऊन त्यावर आपल्याला काय करता येते ते लिहावे. अट एकच: त्यात पदनाम येता कामा नये. ‘उपकार्यकारी अभियंता, ३४ वर्षे सेवा’ या ओळीतून बाहेरच्या माणसाला काहीही कळत नाही. तोच अभियंता जेव्हा ‘कारखान्याचे वीजबिल वाचून मंजूर भार, प्रत्यक्ष मागणी आणि पॉवर फॅक्टर यांतली तफावत दाखवू शकतो; वारंवार जळणाऱ्या रोहित्रामागचे कारण जागेवर जाऊन शोधू शकतो; वीज जोडणीच्या अर्जासोबतची कागदपत्रे बिनचूक तयार करू शकतो’ असे लिहितो, तेव्हा औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला त्याला कशासाठी बोलवायचे ते समजते.

मुख्याध्यापिकेने ‘शाळेचे प्रशासन’ असे लिहून थांबू नये. शाळेचे वेळापत्रक बसवणे, नव्या शिक्षकाचा तास मागे बसून पाहणे आणि त्याला न दुखावता सुधारणा सांगणे, पालकसभा हाताळणे, संचमान्यतेची, म्हणजे मंजूर शिक्षकसंख्येची, माहिती अचूक भरणे ही चार स्वतंत्र कामे आहेत आणि त्यांतले प्रत्येक काम कोणाला ना कोणाला हवे असते. परिचारिकेच्या यादीत घरी आणलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना अंथरुणावरची काळजी शिकवणे येईल, तलाठ्याच्या यादीत सातबारा आणि फेरफार वाचून खरेदीदाराला त्यातल्या अडचणी सांगणे येईल.

यादी झाली की प्रत्येक नोंदीपुढे एकच खूण करावी: हे काम पुढची पाच वर्षे मन लावून करावेसे वाटते का? जे उत्तम जमते पण ज्याचा वीट आला आहे, ते खोडून टाकावे. माझ्या पाहण्यात ही यादी शेवटी तीन-चार ओळींवर येते, आणि तेवढ्याच ओळी पुरेशा असतात.

चौथी पायरी: कामाचा आकार निवडणे

तेच कौशल्य वेगवेगळ्या आकारांत वापरता येते. ठरावीक दिवसांची सल्लागारी, अर्धवेळ करारावरची नियुक्ती, एका प्रकल्पापुरते काम, शिकवणे, किंवा मानधनासह सामाजिक संस्थेत काम, हे त्यांतले मुख्य.

शिकवण्याची आवड असलेल्या उद्योगक्षेत्रातील तज्ज्ञांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही वाट खुली केली. आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही या पदावर नेमता येते. सुरुवातीची नेमणूक एक वर्षापर्यंतची असते. अध्यापनाच्याच पेशात असलेल्यांना किंवा त्यातून निवृत्त झालेल्यांना ही वाट उपलब्ध नाही. बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांना बँकाच शाखांच्या समवर्ती लेखापरीक्षणासाठी, म्हणजे चालू व्यवहारांच्या तपासणीसाठी, करारावर घेतात, आणि ग्रामीण भागात बँक मित्र, म्हणजे गावात बँकेची कामे करून देणारा प्रतिनिधी, म्हणून काम करण्यासही निवृत्त बँक कर्मचारी, निवृत्त शिक्षक आणि माजी सैनिक पात्र असतात. केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ‘सेक्रेड’ हे संकेतस्थळ साठ वर्षांवरील नागरिकांना काम मिळावे म्हणून सुरू केले. तेथे नोंदणी करावी, पण तेवढ्यावर विसंबून बसू नये. या वयातले बहुतेक काम ओळखीतून आणि पहिल्या चांगल्या कामाच्या शिफारशीतून येते.

सरकारी सेवेतून आलेल्यांना एक बंधन माहीत हवे. केंद्र सरकारच्या गट ‘अ’ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यावसायिक नोकरी किंवा सल्लागारी स्वीकारायची असेल, तर शासनाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. राज्याच्या सेवेतील अधिकाऱ्यांनी आपल्याला लागू असलेली तरतूद आस्थापना शाखेतून लेखी विचारून घ्यावी. नियमापलीकडेही माझे मत असे आहे की, ज्या कंत्राटदाराची बिले आपल्या सहीने मंजूर झाली, त्याच्याकडे कधीच काम धरू नये. एक वर्ष उलटल्याने परवानगीची गरज संपते, लोकांच्या मनातली शंका संपत नाही, आणि पस्तीस वर्षांत जपलेले नाव त्या शंकेवर खर्च करण्यासारखे कोणतेही मानधन नसते.

याच्याच जोडीला फसवणुकीचा धोका सांगायला हवा. निवृत्तीची रक्कम खात्यात आल्याची बातमी लपत नाही. काम देण्याआधी नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क किंवा अनामत मागणारा कोणीही काम देणारा नसतो. घरबसल्या काम देतो म्हणून आधी छोटी रक्कम परत करून विश्वास मिळवणारेही त्याच जातीचे. पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

एक उदाहरण जवळून: सहकारी गृहनिर्माण संस्थांचे काम

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर येथे हजारो गृहनिर्माण संस्था आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचा कारभार नोकरी सांभाळून वेळ देणारे सभासद चालवतात. त्यांना हिशेबातले आणि दप्तरातले कळणारा माणूस हवा असतो. बँकेतून, सहकार खात्यातून किंवा लेखा विभागातून निवृत्त झालेल्या व्यक्तीसाठी हे अगदी बेताच्या आकाराचे काम आहे, म्हणून ते थोडे तपशिलाने सांगतो.

सुरुवात वाचनाने करावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ साली स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. ते प्रकरण आणि आदर्श उपविधी, म्हणजे संस्थांच्या कारभाराची नमुना नियमावली, हाताशी ठेवून पूर्ण वाचावेत. त्यातून वर्षाचे वेळापत्रक आपोआप तयार होते: ३१ मार्चला वर्ष संपते, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण पूर्ण व्हायला हवे, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल ‘ओ’ नमुन्यात. काम कोणत्या महिन्यांत दाटून येईल हे यावरून आधीच कळते आणि प्रवासाचे बेत त्याप्रमाणे आखता येतात.

संस्थेत गेल्यावर पहिल्या दिवशी मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागावेत. तेच तेच शेरे दरवर्षी आले असतील, तर संस्थेचे खरे दुखणे तेथेच आहे. नंतर सभासदांची ‘आय’ नमुन्यातील नोंदवही आणि ‘जे’ नमुन्यातील यादी शेजारी शेजारी ठेवून पाहावी. सदनिका विकल्या गेल्या, वारसांकडे आल्या, पण नोंदी जुन्याच राहिल्या, असे वारंवार आढळते. नामनिर्देशनांची नोंदवही रिकामी असते, भागपत्रांवर हस्तांतरणाची नोंद नसते.

त्यानंतर ताळेबंद. उपविधींप्रमाणे सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दराने सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या बांधकामासाठीचा राखीव निधी) आणि किमान पाऊण टक्का दराने दुरुस्ती निधी दरवर्षी जमा व्हायला हवा. ताळेबंदात हे निधी देण्याच्या बाजूला दिसतात. समजा, दोन्ही मिळून १८ लाख रुपये लिहिले आहेत. आता मालमत्तेच्या बाजूला बँकेतील मुदत ठेवींची बेरीज करावी. ती ११ लाख निघाली, तर उरलेले ७ लाख रोजच्या खर्चात, म्हणजे सुरक्षारक्षकांच्या पगारात, विजेच्या बिलात, लिफ्टच्या देखभालीत वापरले गेले किंवा थकबाकीत अडकले, असा त्याचा अर्थ होतो. सभासदांना ताळेबंद जुळलेला दिसतो आणि ते निर्धास्त राहतात. पंधरा वर्षांनी इमारतीला मोठी दुरुस्ती लागते तेव्हा पैसे नसतात. हे वेळेत दाखवून देणारा माणूस संस्थेच्या किती कुटुंबांचे भले करतो, हे पाहिले की हे काम केवळ वेळ घालवण्याचे नाही याची खात्री पटते.

येथे काय सोडायचे तेही स्पष्ट असावे. धनादेशावर सही करण्याचा अधिकार घेऊ नये. तो सचिव, खजिनदार आणि अध्यक्षांचाच राहावा. सभासदांच्या आपसातील भांडणांत मध्यस्थी करू नये. रोख रक्कम हातात घेऊ नये, पावती लिहून देण्यापुरतीसुद्धा. आणि आपण राहतो त्या संस्थेचे काम मानधनावर स्वीकारू नये, कारण जिन्यात भेटणारा प्रत्येक शेजारी मग एकतर मालक होतो किंवा तक्रारदार.

पाचवी पायरी: मानधन ठरवणे आणि ते कागदावर आणणे

मानधन मागताना अनुभवी माणसेही संकोचतात, आणि ‘तुम्ही द्याल ते’ म्हणून सुटका करून घेतात. असे करू नये. फुकट दिलेल्या सल्ल्याप्रमाणे कोणी वागत नाही, आणि स्वस्तात काम करून आपण त्याच कामावर घर चालवणाऱ्या तरुण व्यावसायिकाचा दरही पाडतो.

दर ठरवण्याची सोपी रीत अशी. निवृत्तीच्या वेळचा एकूण मासिक पगार समजा ८०,००० रुपये होता आणि महिन्याचे कामाचे तास साधारण १६० होते, तर ताशी ५०० रुपये होतात. एका गृहनिर्माण संस्थेचे काम महिन्याला १२ तास लागत असेल, तर मानधन ६,००० रुपये. अशा तीन संस्था घेतल्या तर महिन्याला ३६ तास आणि १८,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,१६,००० रुपये. समोरच्याला ते परवडत नसेल तर दर कमी करण्याऐवजी तास कमी करावेत आणि कामाची व्याप्ती तेवढी आवळावी. एकदा पाडलेला दर वर चढत नाही.

विनामूल्य काम करायचे असेल तर तेही अवश्य करावे, पण ते कोणासाठी हे आधी ठरवून आणि कामाची मर्यादा सांगून. गावच्या शाळेचे हिशेब विनामूल्य पाहणे आणि पैसे देऊ शकणाऱ्या कंपनीचे हिशेब संकोचापोटी फुकट पाहणे, यांत मोठा फरक आहे.

ठरलेले सर्व एका पानावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात. त्यातला मजकूर साधारण असा असावा:

‘संस्थेच्या मासिक जमाखर्चाच्या नोंदी तपासणे, बँक ताळमेळ पत्रक तयार करणे, थकबाकीची यादी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत कार्यकारिणीला देणे आणि लेखापरीक्षणासाठी दप्तर तयार ठेवणे, एवढे काम राहील. महिन्यातून दोन वेळा, प्रत्येकी तीन तास, संस्थेच्या कार्यालयात उपस्थिती राहील. उर्वरित काम घरून होईल. निर्णय आणि सह्यांची जबाबदारी कार्यकारिणीची राहील. मानधन दरमहा रु. ६,००० राहील आणि ते पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत बँक खात्यात जमा होईल. याव्यतिरिक्त कामासाठी ताशी रु. ५०० आकारले जातील. करार ११ महिन्यांचा राहील. कोणत्याही पक्षाला एक महिन्याची लेखी सूचना देऊन तो संपवता येईल.’

या मजकुरातले सर्वांत मोलाचे वाक्य जादा कामाबद्दलचे आहे. ‘साहेब, एवढे एक पत्र लिहून द्या’ अशा विनंत्यांनी आठवडा भरून जातो, आणि ते वाक्य कागदावर असले की विनंती करणाराच विचार करून विचारतो.

सहावी पायरी: कराची बाजू

पेन्शनवर जगणारा आणि पेन्शनसोबत मानधन घेणारा, या दोघांची कराच्या दृष्टीने स्थिती वेगळी असते, आणि नवख्यांची सर्वाधिक धांदल येथे उडते.

पेन्शन ही पगारासारखीच धरली जाते आणि नव्या करप्रणालीत तिच्यावर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. मानधन मात्र व्यवसायाचे उत्पन्न ठरते. साठ वर्षांवरील निवासी नागरिकाला व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर अॅडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपण्याआधीच भरायचा कर, भरावा लागत नाही. मानधन सुरू झाले की ही सवलत जाते. ५८ ते ६० या दोन वर्षांत ती मुळातच नसते. लेखाकर्म, अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सोय आहे: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि सविस्तर हिशेबवह्या ठेवाव्या लागत नाहीत. या पद्धतीत अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. आपले काम या व्यवसायांत बसते की साध्या धंद्यात मोडते, हे सनदी लेखापालाला पहिल्याच वर्षी विचारून घ्यावे आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवावी.

वरच्याच उदाहरणातील प्रत्येक संस्था वर्षाला ७२,००० रुपये देते. व्यावसायिक मानधन वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेले की देणाऱ्याला १० टक्के कर कापावा लागतो, म्हणजे प्रत्येकी ७,२०० आणि तिन्ही मिळून २१,६०० रुपये कापले जातील. पेन्शन महिना ४५,००० असेल, तर पेन्शन आणि मानधन मिळून वर्षाची एकूण रक्कम ७,५६,००० होते. व्याज धरूनही करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत राहत असेल, तर २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत कर शून्य येतो आणि कापलेले सर्व पैसे परत मिळतात. मात्र त्यासाठी विवरणपत्र वेळेत भरावे लागते. ठेवींच्या व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत जो स्वयंघोषणेचा अर्ज आपण भरतो, तो या मानधनाला लागू पडत नाही.

आणखी एक सूक्ष्म अडचण आहे. केवळ पेन्शन असणाऱ्याला जुनी आणि नवी करप्रणाली यांतली सोयीची प्रणाली दरवर्षी निवडता येते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने जुनी निवडली, तर नवीकडे एकदाच परतता येते आणि त्यानंतर हे उत्पन्न चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. तेव्हा पहिल्या वर्षीची निवड विचारपूर्वक करावी.

वस्तू व सेवा कराची नोंदणी सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेल्यावर लागते. येथे वर्णन केलेल्या आकाराच्या कामात बहुतेकांना तिची गरज पडत नाही. खासगी काम केल्याने सरकारी पेन्शन कमी होते, अशी एक भीती अनेकांच्या मनात असते. तसे होत नाही. शासनाच्याच सेवेत पुनर्नियुक्ती झाली तर वेतन ठरवताना पेन्शन विचारात घेतली जाते, तो वेगळा विषय आहे. नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला मात्र कामाच्या गडबडीत विसरू नये.

सातवी पायरी: घरातल्यांशी ठरवणे

नवे काम घरातूनच होते, आणि घरातल्या माणसाचे काम घरच्यांना दिसत नाही. महिलांच्या बाबतीत तर निवृत्ती म्हणजे नातवंडे, सासू-सासऱ्यांचे आजारपण आणि पाहुणे यांसाठी मोकळा झालेला वेळ, असे गृहीतच धरले जाते. पस्तीस वर्षे दोन आघाड्या सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या पसंतीचे काम करण्याचा पूर्ण हक्क आहे आणि तो घरात स्पष्ट बोलून मिळवावा लागतो. कामाचे वार ठरवावेत, समजा मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार, दहा ते दोन. त्या वेळात बँकेची कामे, नातवाची शाळा आणि गॅसवाला यांची जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे आहे ते नावानिशी ठरवावे. कामासाठी स्वतंत्र टेबल, स्वतंत्र बँक खाते आणि शक्य असल्यास स्वतंत्र फोन क्रमांक ठेवावा. स्वतंत्र खात्यामुळे कराचा हिशेबही सोपा होतो.

आठवी पायरी: वर्षअखेरची तपासणी आणि सोडण्याची रीत

करार ११ महिन्यांचा ठेवण्याचे कारण हे की, दरवर्षी थांबून पाहता यावे. ठरवलेल्या तासांपेक्षा प्रत्यक्ष किती तास गेले, मानधन वेळेवर आले का, रक्तदाब आणि झोप कशी आहे, आणि यादीत खूण केलेले काम अजून तितकेच हवेसे वाटते का, एवढे पाहावे. तास दीडपट झाले असतील तर एक काम कमी करावे, बाकीची नीट होतात. दर तीन-चार वर्षांनी कामाचा आकार बदलावा लागतो: बासष्टाव्या वर्षी तीन संस्था, सहासष्टाव्या वर्षी एक, आणि सत्तरीत कदाचित फक्त नव्या माणसांना शिकवणे.

काम सोडताना एक महिन्याची सूचना कराराप्रमाणे पुरेशी असली, तरी शक्य तेथे तीन महिने आधी सांगावे आणि लेखापरीक्षणाच्या तोंडावर सोडू नये. सुरू असलेल्या प्रत्येक बाबीची यादी करावी: कोणते पत्र उपनिबंधक कार्यालयाच्या उत्तरासाठी थांबले आहे, कोणत्या सभासदाची वारसनोंद अर्धवट आहे, कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते. पुढच्या माणसाला शेजारी बसवून एक संपूर्ण महिनाअखेर त्याच्या हातून करून घ्यावी. दप्तर परत देताना वह्या, फायली, शिक्के आणि संगणकातील नोंदींची प्रत यांची यादी दोन प्रतींत करावी, संस्थेचे संकेतशब्द सचिवांसमोर बदलून घ्यावेत, आणि सचिवांच्या सहीची एक प्रत आपल्याकडे किमान आठ वर्षे जपून ठेवावी.